लॉ करायचंय, नाशिकमध्ये राहूनच: सीईटीपासून सनदेपर्यंत

गोदातीर
घरात एकदम दोघांनी वकील व्हायचं मनावर घेतलंय. भाची यंदा बारावी कॉमर्सला आहे, तिला पाच वर्षांचा कोर्स हवा. भाचा मुक्त विद्यापीठातून बीए होतोय, अंबडला कंपनीत कामाला आहे. त्याला तीन वर्षांचं एलएलबी करायचंय, पण नोकरी सोडायची नाहीये. क्लासवाले सीईटीच्या गुणांपलीकडे बोलत नाहीत. तर प्रश्न असे: मुक्तची पदवी चालते का, सीईटीची तयारी कशी करावी, नोकरी सांभाळून होतं का, आणि डिग्री हातात आल्यावर नेमकं काय काय करावं लागतं? सविस्तर लिहा, घाई नाही.

काळा_कोट
ताई, आधी मुक्तच्या पदवीचं बघू. सीईटी देऊन, चांगले गुण मिळवून, कागदपत्रं तपासताना माणूस घरी येतो तो याच मुद्द्यावर.

पदवी चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत नियम ५ आहे, त्यात दूरस्थ पद्धतीने घेतलेली बारावी किंवा पदवी मान्य आहे. पण त्याच नियमाखाली एक स्पष्टीकरण जोडलंय: आधीची मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठात थेट प्रवेश घेऊन पदवी मिळवली असेल तर लॉला प्रवेश नाही. म्हणजे भाच्याने रीतसर बारावी पास होऊन मग मुक्तला बीए केलं असेल तर काहीच अडचण नाही. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेच्या जोरावर बीएला बसला असेल, तर पदवी शंभर टक्के खरी असूनही लॉसाठी ती उपयोगाची नाही. अशा वेळी आधी बारावी आणि मग पुन्हा पदवी, एवढा लांबचा वळसा पडतो. म्हणून सीईटीचा फॉर्म भरायच्या आधी बारावीची गुणपत्रिका कपाटातून काढून समोर ठेवा.

टक्क्यांची अट दोन्ही कोर्सना सारखीच: खुल्या प्रवर्गाला ४५, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. तीन वर्षांना ते टक्के पदवीचे, पाच वर्षांना बारावीचे. वयाची वरची मर्यादा सीईटीला नाही, तेव्हा भाच्याचं वय कितीही असलं तरी बिघडत नाही.

सिडकोवासी
वयाचं वाचून बरं वाटलं. माझा प्रश्न वेगळा आहे, नंतर विचारतो.

सराव_सोळा_आणे
सीईटीबद्दल मी लिहितो. राज्याचा सीईटी कक्ष पाच आणि तीन वर्षांसाठी वेगवेगळ्या परीक्षा घेतो, फॉर्मही वेगळे भरायचे. पूर्वी १५० प्रश्न असायचे, २०२५ पासून १२० केलेत, वेळ तीच २ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटची ३ मिनिटं फक्त त्यासाठी राखून ठेवा.

तीन वर्षांच्या पेपरात इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञान-चालू घडामोडींना ३२, कायद्याच्या कलचाचणीला २४ आणि तर्काला २४. पाच वर्षांच्या पेपरात तोल बदलतो: कायदा ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४, गणित ८. म्हणजे भाचीने आणि भाच्याने एकच पुस्तक वाटून घेतलं तर दोघांचंही नुकसान. भाच्याने इंग्रजीवर घाम गाळायचा, भाचीने तर्क आणि कायद्यावर. प्रश्न मराठीतही येतात, फक्त इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच असतो. ज्यांचं सगळं शिक्षण मराठीत झालंय त्यांनी मराठी पर्याय घ्यायला लाजू नये, पण सरावही मग मराठी प्रश्नांवरच करावा. ‘विवक्षित’, ‘अभिप्रेत’, ‘अध्याहृत’ असे शब्द परीक्षेत पहिल्यांदा दिसले की माणूस अर्थ लावण्यातच अर्धा मिनिट घालवतो.

कायद्याचे प्रश्न पाठांतराचे वाटतात, पण बरेचसे नियम देऊन प्रसंग देतात आणि निष्कर्ष विचारतात. एक उदाहरण आपल्याकडचंच घेतो. चोरीची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे (जुन्या दंड संहितेत ३७८). जंगम वस्तू हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नको, हेतू अप्रामाणिक हवा आणि वस्तू हलवायला हवी. आता प्रश्न असा: दिंडोरीच्या एका बागेत रात्री कुणीतरी वेलीवरचे द्राक्षांचे घड कापून क्रेटमध्ये भरले, पण क्रेट बांधावर पोचायच्या आत पकडला गेला. चोरी झाली का?

घाईतला विद्यार्थी म्हणतो, द्राक्षं वेलीला, वेल जमिनीला, म्हणजे स्थावर, म्हणून चोरी नाही. दुसरा म्हणतो, बागेबाहेर नेलं नाही, म्हणून चोरी नाही. दोघेही चुकले. जमिनीला जोडलेली वस्तू तोडेपर्यंत जंगम नसते हे पहिलं स्पष्टीकरण, पण तोडल्या क्षणी ती चोरीचा विषय होऊ शकते. आणि दुसरं स्पष्टीकरण सांगतं की ज्या कृतीने तोडलं त्याच कृतीने हलवलं असेल तरी चोरी होते. बांधाबाहेर नेण्याची अट कलमात कुठेच नाही. घड कापून क्रेटमध्ये टाकला, तिथेच काम झालं. याउलट लासलगावच्या बाजार समितीत एकासारख्या एक गोण्यांत गफलत होऊन दुसऱ्याच्या कांद्याच्या दोन गोण्या आपल्या समजून टेम्पोत टाकल्या, तर वस्तू हलली, संमती नव्हती, पण अप्रामाणिक हेतू नाही, म्हणून चोरी नाही.

रोज असे १५ प्रश्न करा, आणि प्रत्येक चुकीपुढे ‘नियमातला कोणता शब्द नजरेतून सुटला’ एवढंच लिहा. दोन महिन्यांत स्वतःच्या चुकांचा साचा दिसायला लागतो. बहुतेकांचा साचा एकच असतो: स्वतःची न्यायबुद्धी मध्ये घालणे. प्रश्नात दिलेला नियम वेडगळ असला तरी उत्तर त्याच नियमाने द्यायचं.

रविवार_कारंजा
द्राक्षांचं उदाहरण आवडलं. अवांतर: आता बागवाले हा धागा वाचून रात्री बॅटरी घेऊन फिरणार.

गोदातीर
:) भाच्याची बारावी रीतसर झालेली आहे, जीव भांड्यात पडला. आता नोकरीचं सांगा. संध्याकाळचं कॉलेज असतं ना?

काळा_कोट
नाही. हा गैरसमज फार जुना आहे आणि अजून चालूच आहे. बार कौन्सिलच्या नियमांत वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यायचे आहेत, आठवड्याला किमान ३० तासांचं वेळापत्रक हवं. टपालाने किंवा ऑनलाइन एलएलबी करून सनद (वकिलीचा परवाना) मिळत नाही. कुणी ‘फक्त परीक्षेला या’ म्हणत असेल तर तो तुमच्या तीन वर्षांशी जुगार खेळतोय.

हजेरीची अट नीट वाचा, कारण ती एकूण हजेरीची नाही. प्रत्येक विषयात ७० टक्के तास, आणि त्या विषयाचे मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला), ट्युटोरियल, प्रात्यक्षिक यांची हजेरी त्यातच धरून. खरोखर अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ टक्क्यांवर परवानगी देऊ शकतात, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० भरायलाच हवेत. म्हणजे चार विषयांत ९० आणि एकात ६० असेल तर त्या एका विषयाचा पेपर हातचा गेला.

आता भाच्याचा हिशोब. त्याची शिफ्ट कायम रात्रीची किंवा दुपारची असेल आणि कॉलेजचे तास सकाळचे असतील तर शक्य आहे, अवघड आहे. फिरती शिफ्ट असेल तर जमणार नाही असंच धरून चाला. प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजात जाऊन मागच्या वर्षीचं वेळापत्रक बघा, माहितीपुस्तिका नाही, नोटीस बोर्डावरचं. आणि कंपनीकडून लेखी ना-हरकत घेऊन ठेवा, पुढे कामाला येते.

त्र्यंबकरोड
यात एक भर. लॉ चालू असताना दुसरी नियमित पदवी एकाच वेळी करता येत नाही. दूरस्थ अभ्यासक्रम आणि भाषा-संगणकाचे छोटे अर्धवेळ कोर्स चालतात. कुणी ‘एमकॉम रेग्युलर आणि एलएलबी रेग्युलर’ असा जोडधंदा करत असेल तर थांबवा.

सिडकोवासी
नाशिकमधली कॉलेजं कोणती बघावीत? आणि क्लॅट द्यावी का?

त्र्यंबकरोड
कॉलेजरोडचं गोखले एज्युकेशन सोसायटीचं एनबीटी, गंगापूर रोडचं मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक) आणि नवजीवन ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, तिन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न. विद्यापीठ एक म्हणजे अभ्यासक्रम एक, पेपर एक. त्यामुळे ‘कुठलं भारी’ यापेक्षा तीन गोष्टी विचारा: बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, पूर्णवेळ शिक्षक किती, आणि मूट कोर्ट वर्षातून खरोखर किती वेळा होतं. चौथी गोष्ट अंतर. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयापर्यंत दुपारी पंधरा-वीस मिनिटांत पोचता येत असेल तर शेवटच्या वर्षी त्याची किंमत कळते.

क्लॅट वेगळी परीक्षा आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ घेतो, १२० प्रश्न, २ तास, चुकीला ०.२५ गुण कापतात, सगळे प्रश्न उताऱ्यांवर. महाराष्ट्रात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. नाशिक सोडायचंच नाही असं ठरलं असेल तर क्लॅटचा क्लास लावून पैसे घालवू नका. पण ती परीक्षा डिसेंबरात होते आणि सीईटी नंतर उन्हाळ्याकडे, म्हणून सराव म्हणून देणारे देतात. मोठ्या उताऱ्यांची सवय झालेल्याला सीईटीचा पेपर हलका वाटतो. एकच धोका: क्लॅटमध्ये गुण कापतात म्हणून प्रश्न सोडायची सवय लागते, ती सीईटीत नडते.

कागदोपत्री
प्रवेशाच्या फाइलीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. अधिवास दाखला, राष्ट्रीयत्वाचा पुरावा, दहावी-बारावी-पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळ्यांना. राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला आणि जात वैधता. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसींना नॉन-क्रीमीलेअर, आणि त्याची मुदत चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. लोक मागच्या वर्षीचं जोडतात, तिथे प्रवर्ग जाऊन खुल्यात ढकलले जातात. हा दाखला सेतू केंद्रातून काढायला जूनमध्ये रांग लागते, एप्रिलमध्ये लागत नाही. शिक्षणात खंड असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र.

नावाची भानगड वेगळीच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर आईचं नाव मध्ये. सीईटीच्या फॉर्मवर दहावीप्रमाणेच नाव भरा. मुलीचं लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत आत्ताच काढा. सीईटीला एकवेळ खपतं, सनदेच्या वेळी नावातल्या एका अक्षरावरून फाइल परत येते.

फीचं: राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या काही शिष्यवृत्त्यांना कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालतं, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून हवा. भाचीचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र तयार ठेवा. ‘फेरीची कशाला वाट बघता, मॅनेजमेंटमधून टाका’ हा सल्ला या एका कारणाने महागात पडतो.

गोदातीर
हे कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार. कॉलेज सुरू झाल्यावर काय करावं? आणि ते नवे कायदे आलेत, मग जुनी पुस्तकं फेकायची का?

काळा_कोट
फेकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्या प्रक्रियेनेच चालतात. कोर्टात पुढची कितीतरी वर्षं दोन्ही आकडे एकाच दिवशी ऐकू येणार. वकिलांच्या तोंडी अजून ४२० आणि ३०२ आहे, कागदावर ३१८ आणि १०३ लिहायचं असतं.

वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहा: ३०७ म्हणजे १०९, ३७९ म्हणजे ३०३(२), ४९८-अ म्हणजे ८५. प्रक्रियेत एफआयआरचं १५४ आता १७३, अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२, पोटगीचं १२५ आता १४४. तयार तक्ते बाजारात मिळतात, तरी हाताने लिहा. शेजारचं कलम काय आहे हे लिहितानाच कळतं.

आणि गाइडांच्या आधी मूळ कायदा वाचा. एक कलम, त्याचं स्पष्टीकरण, त्याचं परंतुक (‘परंतु’ म्हणून जोडलेला अपवाद), त्याची उदाहरणं. परंतुक न वाचता उत्तर लिहिणं ही पहिल्या वर्षाची ठरलेली चूक.

निशाणी_क्र_एक
इंटर्नशिपवर लिहितो. नियमाने तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २० आठवडे. एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, त्यामुळे शेवटच्या वर्षी सगळं एकदम उरकायचा बेत फसतो. त्यातला काही काळ ट्रायल आणि अपील करणाऱ्या वकिलांकडेच हवा.

सिनिअरकडे पहिल्या दिवशी वाद घालायला मिळत नाही, फाइल उचलायला मिळते. ती उचला. मागे शिवलेला रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) पहिल्या तारखेपासून वाचा: कधी दावा दाखल, कधी समन्स बजावलं, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) किती दिवसांनी आली, मुद्दे कधी निघाले, सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच वकिलाचे प्रश्न) कधी, उलटतपास कुठे अडला. दिवाणी दाव्यात कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, कोर्ट कारण नोंदवून ९० पर्यंत वाढवू शकतं. रोजनाम्यात ‘नो डब्ल्यूएस’ (कैफियत आलीच नाही) दिसलं की कुणाचा तरी दिवस मोजायचा राहिलाय एवढं ओळखायचं.

दिवस कसे मोजायचे ते चेकच्या केसवर शिका. आपल्याकडे द्राक्ष आणि कांद्याच्या व्यवहारात चेक न वटण्याच्या गुन्ह्याची, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची उदाहरणं हवी तेवढी मिळतात. समजा व्यापाऱ्याचा चेक न वटता परत आला आणि बँकेचा मेमो शेतकऱ्याच्या हाती ५ मार्चला पडला. नोटीस ३० दिवसांच्या आत जायला हवी, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत. नोटीस व्यापाऱ्याला मिळाली १० एप्रिलला. त्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते २५ एप्रिलला संपले. फिर्यादीचं कारण २६ एप्रिलला घडलं, आणि तिथून एक महिना, म्हणजे २६ मेपर्यंत फिर्याद दाखल.

चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, ३० दिवस चेकवरच्या तारखेपासून मोजणे. मोजायचे बँकेकडून कळल्यापासून. दुसरी, १५ दिवस नोटीस पाठवल्यापासून धरणे, ते मिळाल्यापासून असतात, म्हणून पोस्टाचा ट्रॅकिंगचा कागद त्याच दिवशी छापून फाइलीला लावायचा, नंतर वेबसाइटवरून तो नाहीसा होतो. तिसरी, १५ दिवस संपायच्या आधीच उत्साहाने फिर्याद ठोकणे. ती मुदतपूर्व ठरते. उशीर झाला तर कोर्टाला पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते, घाई झाली तर तो दरवाजाही नाही, पुन्हा नवी फिर्यादच घालावी लागते.

आठवड्यातून एक दिवस महसुली कामासाठीही ठेवा असं मी सांगेन. तहसील, प्रांत, अपर आयुक्त. सातबारावरच्या हस्तदोषाची (लिहिताना झालेल्या चुकीची) दुरुस्ती महसूल संहितेच्या कलम १५५ ने, फेरफारावरचं अपील २४७ ने, त्याची मुदत ६० दिवस. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक बाजूला काम येणार असेल तर त्याच संहितेचं ३६-अ तोंडपाठ हवं, आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. कूळ कायदा, तुकडेबंदी. हे विषय कॉलेजात एका सत्रात गुंडाळले जातात, पण नाशिक जिल्ह्यातल्या वकिलाचं अर्धं दुकान यावर चालतं.

रविवार_कारंजा
मराठी माध्यमवाल्यांनी घाबरावं का? घरात वाद चालू आहे.

निशाणी_क्र_एक
तालुका आणि जिल्हा पातळीवर नाही. १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी केली आहे. साक्षी, अर्ज, दावे मराठीत होतात. ज्याला ‘वादमिळकत’, ‘चतुःसीमा’, ‘वहिवाट’, ‘दुय्यम निबंधक’ हे शब्द अचूक जागी वापरता येतात त्याचा दावा वाचणाऱ्याला चटकन कळतो. इंग्रजी माध्यमाची मुलं इथेच अडखळतात, त्यांना खरेदीखत वाचता येत नाही. पण उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत, निवाडे इंग्रजीत, म्हणून रोज एक निवाडा वाचा, आधी फक्त घटनाक्रम आणि शेवटचा आदेश. मधलं हळूहळू कळायला लागतं. मराठी युनिकोड टायपिंग मात्र पहिल्याच वर्षी शिका, टायपिस्टच्या टेबलापुढे अर्धा दिवस जातो.

काळा_कोट
आता ताईंचा शेवटचा प्रश्न, डिग्रीनंतरचा. अधिवक्ता अधिनियम १९६१ प्रमाणे वय २१ पूर्ण हवं. अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, कार्यालय मुंबईला. फीबद्दल अजून जुने आकडे फिरतात, म्हणून नीट सांगतो: ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि एससी-एसटींना १२५ रुपये याहून जास्त घेता येत नाही. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते वेगळं.

सनद आधी तात्पुरती असते. मग अखिल भारतीय बार परीक्षा, एआयबीई. १०० प्रश्न, गुण कापत नाहीत, पास व्हायला खुल्या आणि ओबीसींना ४५ टक्के, एससी-एसटींना ४०. टिपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. त्यामुळे लोक हलक्यात घेतात आणि तिथेच नापास होतात: पुस्तक समोर असलं तरी कलम कुठे आहे हे माहीत नसेल तर वेळ पुरत नाही. घटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रियेला प्रत्येकी १० प्रश्न, साक्ष्य, दंड आणि कौटुंबिक कायद्याला ८-८. एवढ्यात निम्म्याहून जास्त पेपर झाला. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायची.

भाच्यासाठी महत्त्वाचं: बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. एलएलबी झाल्यावरही नोकरी चालू ठेवायची असेल तर सनद घ्यायची नाही. घेतली असेल आणि नंतर नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून ती स्थगित करायची. दोन्ही एकदम चालवणं ही शिस्तभंगाची बाब आहे, आणि तक्रार बहुधा समोरच्या पक्षाकडूनच होते.

सिडकोवासी
माझा प्रश्न आता. डिग्री झाल्या झाल्या न्यायाधीशाची परीक्षा देता येते का?

त्र्यंबकरोड
आता नाही. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आली. ती वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात, म्हणून निकाल लागल्यावर सनदेला सहा महिने लावू नका. दहा वर्षांहून जुन्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. नुसतं नाव नोंदवून घरी अभ्यास करणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. वकीलपत्रावर ज्युनिअर म्हणून स्वतःचं नाव घालत जा, केस नंबरसह एक डायरी ठेवा. या तीन वर्षांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सहाय्यक लोकअभिरक्षकाची (गरीब आरोपींच्या मोफत वकिलाची) जागा निघते का यावर लक्ष ठेवा, फौजदारी ट्रायल शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

देवळालीच्या पोरांसाठी: लष्कराच्या जॅग (कायदाविषयक) शाखेला एलएलबीत ५५ टक्के, वय २१ ते २७, आणि क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा दिलेली हवी. सीईटीने लॉ केलेल्यांना ही शेवटची अट शेवटच्या वर्षी कळते आणि तोवर फॉर्मची तारीख गेलेली असते.

रविवार_कारंजा
सुरुवातीला ज्युनिअरला पैसे किती मिळतात? खरं सांगा.

निशाणी_क्र_एक
बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुका कोर्टात हा आकडा सांगितला तर सिनिअर चहा पाजतील. घरखर्चाची दोन वर्षांची तजवीज करूनच नोकरी सोडा, हे भाच्याला मुद्दाम सांगतो. सिनिअर निवडताना ऑफिस किती मोठं ते बघू नका, रोजच्या बोर्डावर (कोर्टातल्या त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत) त्यांच्या पुराव्याच्या केसेस किती ते बघा. नुसत्या तारखा घेणाऱ्या ऑफिसात पाच वर्षं काढूनही उलटतपास शिकायला मिळत नाही.

गोदातीर
भाच्याची शिफ्ट फिरती आहे. त्याच्याशी बोलले. तो कंपनीत कायम दुसरी शिफ्ट मागणार आहे, नाही मिळाली तर यंदा फॉर्म भरणार नाही, पैसे साठवणार. भाचीचं नॉन-क्रीमीलेअर गेल्या मार्चलाच संपलंय, उद्या सेतूत जाते. एकच राहिलं: कोट आत्ताच शिवावा का, आजी मागे लागल्यात.

काळा_कोट
आजींना सांगा, मूट कोर्टाला लागतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी शिवा, पण पातळ कापडाचा. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत काळा कोट सक्तीचा नसतो, तरी मे महिन्यात नाशिकच्या कोर्टात पंखा नेमका दुसऱ्या बाजूच्या टेबलावर असतो. गळ्यातले पांढरे बँड दोन जोड घ्या, एक नेहमी घरी विसरतो.